नाशिक जिल्ह्याचा लोकसंख्या मनोरा: काढावा कसा, वाचावा कसा

लोकसंख्या मनोरा म्हणजे पाठीला पाठ लावून काढलेले दोन आडवे स्तंभालेख: डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, तळाशी ० ते ४ हा वयोगट आणि शिखरावर ८० वर्षांपुढची माणसे. जिल्ह्याचे आकडे २०११ च्या जनगणनेच्या सी-१४ या तक्त्यात पाच-पाच वर्षांच्या गटांनी दिलेले आहेत. त्यातील वय न नोंदवलेल्यांची ओळ मनोऱ्यात घेऊ नये.

खरी काळजी टक्केवारी काढताना घ्यावी लागते. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक गटाला एकाच संख्येने, म्हणजे जिल्ह्याच्या ६१,०७,१८७ या एकूण लोकसंख्येने भागावे. पुरुषांचे गट ३१,५७,१८६ पुरुषांनी आणि स्त्रियांचे गट २९,५०,००१ स्त्रियांनी भागण्याची चूक सर्रास होते, आणि ती लहान नाही. जिल्ह्यात ० ते ६ वर्षांच्या दर हजार मुलग्यांमागे ८९० मुली होत्या. या वयाच्या मुलग्यांचा स्तंभ १० सेंटिमीटर काढला तर मुलींचा ८.९ सेंटिमीटर यायला हवा, पण वेगवेगळ्या बेरजांनी भागल्यास तो साधारण ९.५ सेंटिमीटर भरतो. म्हणजे ११ मिलिमीटरची तूट पाच मिलिमीटरवर येते, आणि जन्मूच न दिलेल्या मुली आलेखातूनही निम्म्या पुसल्या जातात. हे होता कामा नये.

वाचताना तळापासून सुरुवात करावी. तळाचा स्तंभ त्याच्या वरच्या स्तंभांहून आखूड असेल, तर जन्म घटत चालले आहेत असे बहुधा समजावे. शहराचा मनोरा वेगळा काढला आणि २० ते ३९ या वयांत डावी बाजू फुगलेली दिसली, तर त्याचे कारण आधी स्थलांतरात शोधावे. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींच्या शहरात तसे होणे स्वाभाविक आहे.

उतारवयात मात्र स्तंभांवर जपून विसंबावे. ‘बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं’ एवढ्याच आधारावर वय सांगणाऱ्या आजीचे वय प्रगणकाच्या कागदावर सहसा ६० किंवा ६५ असे गोल आकड्यात उतरते. त्यामुळे ६० ते ६४ चा स्तंभ दातासारखा पुढे आलेला दिसला, तर तो ५५ ते ५९ च्या स्तंभात मिळवून दोन्ही एकत्रच वाचावेत.