लॉग हटमध्ये मुक्कामाला निघालात? या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसात दर सोमवारी कोणी ना कोणी जंगलातल्या लॉग हटमधून, म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या खोलीतून, वैतागून परतलेलं असतं. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, सगळं आपल्या नागपूरपासून दोन-तीन तासांच्या आत. जवळ आहे म्हणून तयारी नको, असा लोकांचा समज दिसतो. महाबळेश्वरला जायचं तर महिनाभर याद्या करतील आणि पेंचच्या सिल्लारीला जायचं तर शुक्रवारी रात्री जेवताना ठरवतील.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बुकिंगचा. पेंच दोन राज्यांत आहे. महाराष्ट्रातल्या पेंचची गेटं सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा. मध्य प्रदेशातल्या पेंचचं सगळ्यांना माहीत असलेलं गेट तुरिया. बुकिंग वेगळं, परवाने वेगळे, सफारीच्या उघड्या जिप्सी गाड्या वेगळ्या. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने सिल्लारीला हट घेतली आणि सकाळची सफारी तुरियाची. "दोन्ही पेंचच ना?" हा त्यांचा हिशेब. पहाटे पाचला उठून, झोपाळलेल्या पोरांना गाडीत कोंबून, पवनीला हायवेवर परत यायचं, देवलापार, मग खवासा, मग आत तुरिया. तेही धुक्यात. पोचले तेव्हा गाड्या आत गेलेल्या होत्या आणि पैसे परत मिळायचा प्रश्नच नव्हता. वहिनींनी तिथेच सगळ्यांना डब्यातल्या पुऱ्या खाऊ घातल्या आणि दिवसभर भाऊसाहेबांशी बोलल्या नाहीत.

त्यात ती पवनी. रामटेक तालुक्यातली पवनी हायवेवर आहे, तिथून सिल्लारीला वळतात. दुसरी पवनी भंडारा जिल्ह्यात आहे, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या नावातली. मोबाइलच्या नकाशात नुसतं 'पवनी' टाकून निघालेला माणूस नागपूरच्या उत्तरेऐवजी आग्नेयेला जाऊ शकतो, आणि जातो. म्हणून मी जंगलाचं नाव घेतच नाही. गेट, तालुका आणि तिथल्या माणसाचा फोन नंबर वहीच्या पानावर लिहितो, ते पान गाडीच्या डॅशबोर्डवर. आदल्या दिवशी त्या नंबरवर फोन करून विचारतो, "भाऊ, रस्ता कसा आहे?" एवढ्यात अर्ध्या अडचणी कळतात. सुटीचा वारही तेव्हाच विचारून घ्यावा, प्रत्येक जंगलाचा वेगळा असतो. ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे माहीत नसलेले लोक अजून भेटतात. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं हे तर सांगायलाच नको. पण पावसाळ्यात "वाघ दिसेल ना?" असं विचारणारे फोन येतातच.

शनिवारी दुपारी वरण-भात खाऊन, डुलकी काढून चारला निघणारे वेगळेच. हिवाळ्यात साडेपाच-सहाला अंधारतं. जंगलाच्या आतला मुक्काम असेल तर गेट बंद झाल्यावर कोणी ओळखीचा साहेब आठवून उपयोग नाही. मी सकाळी निघतो, मनसरला चहा घेतो आणि उजेड असतानाच हट बघून घेतो: कड्या लागतात का, नळाला पाणी येतं का, खिडकीची जाळी फाटलीय का. रात्री नऊला फाटकी जाळी सापडली तर तिचं काय करणार?

आता कोळशाचं. यावर मी जास्त बोलतो असं घरचे म्हणतात. म्हणोत.

नागपूरची थंडी लोकांना खोटी वाटते. २०१८च्या डिसेंबरअखेर शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि मोकळ्या रानात तलावाकाठी त्याहून जास्त बोचतं. अशाच एका गारठ्याच्या रात्री आमच्या शेजारच्या हटमध्ये चार तरुण पोरं होती. संध्याकाळी अंगणात शेगडीवर चिकन भाजलं, तोवर ठीक. झोपताना निखारे फुललेली ती शेगडी उचलून खोलीत नेली, खिडक्या लावल्या आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. एकजण रात्री लघवीला उठला तो दारातच कोसळला. त्या आवाजाने खानसामा उठला, म्हणून बाकीचे वाचले. त्याने आधी शेगडी बाहेर फेकली, मग एकेकाला ओढत व्हरांड्यात आणलं. डोकं फुटतंय, उलट्या होतायत, आणि तरीही एकाचं म्हणणं, "काका, काही नाही, जास्त झाली असेल." खानसामा तडकलाच: "कोळसा अंदर घेऊन झोपतेत का कोनी, बाप्पा?" आम्ही त्यांना झोपू दिलं नाही. उघड्या हवेत बसवलं आणि गाडीत घालून सरळ दवाखान्यात नेलं.

धूर दिसत नाही म्हणून निखारा निरुपद्रवी वाटतो. कोंदट जागेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल का, असं विचारू नका. चालत नाही. घरची रजई न्या, कानटोपी न्या, रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी घ्या. इलेक्ट्रिक हीटरचाही भरवसा नको. आतल्या विश्रामगृहांत विजेची शाश्वती नसते, नागझिरा तर त्यासाठीच ओळखला जातो.

चौघांच्या खोलीत सातजण घुसवून पैसे वाचवणारे हुशार लोक जमिनीवर गाद्या टाकतात. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच तिचा दंश जास्त होतो. तो इतका कमी दुखतो की माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कोणी म्हणालं तर अ‍ॅसिडिटीची गोळी देत बसू नका, दवाखाना गाठा. मी खाटेवरच झोपतो, मच्छरदाणी गादीखाली खोचून, आणि बॅटरी उशाशी.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फोटो काढायला एकटं जाऊ नका. फुलं वेचायला अस्वलंही येतात, आणि अचानक समोर आलेलं अस्वल पळण्याऐवजी अंगावर येतं. गावातली माणसं टोळीने, बोलत बोलत जातात ती उगाच नाही.

साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम, तेव्हा शेकोटीचा हट्ट नको. रोडग्यांची पार्टी शेतावर करा. एरवीही जंगलातलं पडलेलं लाकूड उचलायचं नाही, तो गुन्हा आहे.

पावसाळा सरताना बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, गवतात लोळून फोटो काढणाऱ्यांनी २०१८ आठवावं, तेव्हा नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसं दगावली होती. गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून तो होतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे सांगा. अंगावर काळी खपली दिसली तर तीही दाखवा.

खिडकीत संत्री ठेवू नका, वानरं पिशवीसकट नेतात.

बूट झटकून घाला.

स्पीकर घरी ठेवा. आणि व्हरांड्यातला दिवाही मालवा. २०२४च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, ठरलं, त्यासाठी गावांतल्या रस्त्यांवरचे दिवे बदलले गेले. आपल्याकडचे लोक मात्र कारचे हेडलाइट लावून पत्ते खेळतात.

रोख पैसे न्या, सुट्ट्या नोटांत. जंगलात रेंज नसते, त्यामुळे मोबाइलवरून पैसे जात नाहीत. जिप्सीवाला, गाइड, खानसामा सगळ्यांना हातात द्यावे लागतात. "नागपूरला पोचलो की पाठवतो" म्हणून निघून गेलेल्यांची यादी तिथल्या खानसाम्याकडे आहे, आणि पुढच्या वेळी त्याच ग्रुपने फोन केला तर खोली रिकामी नसते.