लांबच्या प्रवासाआधी एअरबॅगची खातरजमा: एक तयारीची यादी

ब्रेक दाबून पाहता येतो, वायपर फिरवून पाहता येतो; एअरबॅग मात्र उघडून पाहता येत नाही, कारण ती एकदाच उघडते आणि उघडल्यावर बदलावीच लागते. त्यामुळे ती वेळेवर काम करील की नाही, हे आजूबाजूच्या खुणांवरूनच ठरवावे लागते. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला किंवा तवंदी घाट उतरून निपाणीमार्गे कोल्हापूरला जायचे असेल, तर ही तपासणी आदल्या संध्याकाळवर न ठेवता किमान आठवडाभर आधी करावी, कारण दोष निघालाच तर सुटा भाग मागवून बसवण्यात तेवढे दिवस सहज जातात.

सर्वांत आधी आपल्या गाडीत एअरबॅग किती आणि कोठे आहेत, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे. चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून, तर शेजारच्या प्रवाशासमोरची नव्या मॉडेलसाठी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत दुसरी एअरबॅग नसतेच. स्टीअरिंगवर, डॅशबोर्डवर किंवा सीटच्या कडेला ‘एसआरएस एअरबॅग’ असा ठसा असेल, तर त्यामागे ती बसवलेली आहे असे समजावे.

त्यानंतर दिवा, आणि या एका गोष्टीला पुरेसा वेळ द्यावा. इंजिन सुरू न करता चावी ‘ऑन’वर आणावी, बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबून डॅशबोर्डचे दिवे लावावेत. बसलेल्या माणसासमोर गोल फुगा असे चित्र असलेला दिवा लागला पाहिजे, काही सेकंद राहिला पाहिजे आणि इंजिन बंद असतानाच आपोआप विझला पाहिजे. तो विझलाच नाही, लुकलुकत राहिला किंवा गाडी चालवताना पुन्हा लागला, तर यंत्रणेत दोष आहे आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच असे धरून चालता येत नाही. पण दिवा मुळीच न लागणे मला याहून अधिक धोक्याचे वाटते, कारण बहुतेक जण दिवा दिसत नाही म्हणजे सारे ठीक आहे असे समजतात. अपघातात उघडलेली एअरबॅग न बदलता वर नुसते नवे झाकण बसवून हा दिवा काढून टाकलेला असू शकतो, किंवा तो ऑइलच्या दिव्याला जोडलेला असू शकतो. इंजिन सुरू होताक्षणी ऑइलचा आणि एअरबॅगचा दिवा एकदमच विझत असेल, तर ती शंका घेण्याजोगी खूण आहे. निपाणीजवळ पाहिलेल्या एका जुन्या गाडीचा सौदा मी एवढ्याच कारणाने सोडला होता, आणि तिचा रंग, टायर, इंजिन सारे उत्तम असूनही त्याबद्दल मला कधी हळहळ वाटली नाही.

आपल्या भागात पुराची चौकशी वेगळी करावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुरात बेळगाव जिल्ह्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. कोल्हापूर-सांगलीकडे तर २०१९ आणि २०२१ अशी दोनदा तीच वेळ आली. एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, खाली जमिनीलगत असतो, म्हणजे गाडीत गुडघाभर पाणी शिरले तरी तो भिजतो. त्यामुळे जुनी गाडी घेतली असेल, मग तिचे पासिंग बेळगावचे केए-२२ असो वा कोल्हापूरचे एमएच-०९, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आतल्या टोकाला चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, पायाखालचे कार्पेट उचलून वास घ्यावा आणि सीटखालच्या पिवळ्या वेष्टनातील तारा व कनेक्टर गंजले आहेत का, उंदरांनी कुरतडले आहेत का, हे टॉर्चच्या उजेडात नुसते डोळ्यांनी पाहावे. बेल्ट ओढलाच जात नसेल किंवा सोडल्यावर परत आत जात नसेल, तर पूर्वीच्या धडकेत तो आवळला जाऊन तसाच राहिला असण्याची शक्यता असते.

त्या पिवळ्या तारांना हात मात्र लावू नये. मीटर लावून प्रवाह तपासण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये, कारण मीटरमधला थोडासा प्रवाहही एअरबॅग उघडायला पुरू शकतो. बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत काही वेळ वीज साठून राहते, म्हणून जाणकार मेकॅनिकसुद्धा काही मिनिटे थांबूनच कामाला हात घालतो. गाडी सर्व्हिसला देताना ‘एअरबॅग बघा’ एवढेच न सांगता स्कॅनर लावून एअरबॅगच्या यंत्रणेतील दोषांचे कोड वाचावेत आणि ते जॉबकार्डवर लिहून द्यावेत, अशी स्पष्ट मागणी करावी. नुसता कोड पुसून दिवा विझवून दिला, तर तो काही दिवसांत परत लागतो. दिव्याबरोबर हॉर्नही वाजेनासा झाला असेल तर तेही सांगावे. स्टीअरिंगच्या आतली गुंडाळलेली पट्टी तुटल्याची ती नेहमीची खूण आहे.

त्याच फेरीत आरसीवरचा चासी नंबर देऊन आपली गाडी कंपनीने परत बोलावलेल्यांपैकी आहे का, हेही विचारावे. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक द्रव्य वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडत असे, आणि मग एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडत. भारतातही त्यासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. खानापूर, कणकुंबीसारख्या धो-धो पावसाच्या भागात गाडी वापरणाऱ्यांनी ही चौकशी टाळू नये.

निघण्याच्या दिवशी एअरबॅगच्या वाटेत काही नाही ना, ते पाहावे. प्रवाशासमोरच्या झाकणावर चिकटवलेली देवाची मूर्ती श्रद्धेने दुसरीकडे हलवावी, कारण एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी उघडते आणि समोरची वस्तू थेट माणसावर येते. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर ती झाकणारे कव्हर काढावे. पुढचा लोखंडी गार्डही काढावा. तो धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत पोहोचण्यात बाधा आणू शकतो, आणि २०१७ मध्येच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करण्यास सांगितले आहे. चालकाची छाती स्टीअरिंगपासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावी, मागे बसलेल्यांसह सर्वांनी बेल्ट लावावा, आणि लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे कोणीही बसू नये.

वाटेत घाटात दिवा लागलाच, तर वळणावर गाडी थांबवण्याची गरज नाही. इंजिन आणि ब्रेक नेहमीप्रमाणे चालतात. एअरबॅग नाहीच असे समजून वेग कमी ठेवावा, दिवा कोणत्या वेळी आणि काय करताना लागला ते शेजारच्याला लिहून ठेवायला सांगावे, आणि मुक्कामी पोहोचल्यावर परतीच्या आधी गाडी तपासून घ्यावी.