टॅप डान्स: पाय तर चालतायत, मग आवाज असा का येतोय? या चुका टाळा

टॅप म्हणजे तळाला धातूचे पत्रे लावलेले शूज घालून पायाने ठेका वाजवत नाचणं. ते शिकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार सेम असते, स्टेप बरोबर पडतेय पण आवाज भांडी पडल्यासारखा येतोय. कारण बहुतेक वेळा एकच. स्टेप बघून शिकलेली असते, ऐकून नाही. टॅपमध्ये नाचणारा हा वाजवणारा पण असतो हे डोक्यात बसलं की निम्म्या चुका तिथेच कमी होतात.

शफल घ्या. पाय पुढे घासायचा, मागे घासायचा, दोन स्वच्छ आवाज, बास. पण लोक गुडघ्यातून लाथ मारल्यासारखा पाय फेकतात, मग पुढचा आवाज मोठा येतो आणि मागचा गायब. घोटा एकदम सैल ठेवा, पाय जमिनीपासून फार लांब नेऊच नका. फ्लॅपचं पण तेच, घासणं आणि पाऊल टाकणं असे दोन आवाज हवेत पण घाईत एकच थप्प ऐकू येतं. यावर उपाय म्हणजे मोबाईलवर फक्त ऑडिओ रेकॉर्ड करा, व्हिडिओ नको, व्हिडिओत आपण हात आणि चेहराच बघत बसतो. ऑडिओत दोन आवाज वेगळे मोजता येत नसतील तर स्पीड निम्मा करा. कंटाळवाणं आहे, माहितीये.

कथ्थक शिकलेल्यांची अडचण वेगळीच. लय पक्की असते, पण तत्कारामुळे (पायाने ठेका देण्यामुळे) सपाट तळपाय जोरात टाकायची सवय असते आणि टॅपमध्ये वजन चवड्यावर लागतं, गुडघे थोडे वाकलेले. वजन टाचेवर गेलं की पुढची स्टेप उशिराच येणार. बाकी या मंडळींचा फायदाही आहेच, टाइम स्टेप म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ठरावीक स्टेप, तिच्यानंतर येणारा ब्रेक, म्हणजे ती तोडून संपवणारा तुकडा, त्यांना तिहाईच्या (तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्याच्या) ओळखीमुळे पटकन कळतो. कथ्थकचे पंडित चित्रेश दास आणि टॅप डान्सर जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांच्या इंडिया जॅझ सूट्स या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघा, दोघं आपापली शैली अजिबात न सोडता एकमेकांना पायानेच उत्तरं देतात.

टाइम स्टेपमध्ये तर दहातले ९ जण हमखास एकवर सुरू करतात, कारण मोजताना एकपासूनच मोजायची सवय. साधी टाइम स्टेप आठवर सुरू होते, म्हणजे आधीच्या आठ ठोक्यांतल्या शेवटच्या ठोक्यावर, आणि ती एकवर पकडली की पुढचं सगळं बँडच्या उलट पडत जातं. तोंडाने "आठ आणि एक" म्हणत सुरू करा. अजून एक, जॅझच्या स्विंगमध्ये दोन ठोक्यांमधला आणि-वाला ठोका बरोबर मध्यावर नसतो, जरा उशिरा पडतो. सगळे ठोके सारखे टाकले की परेड वाटते.

आता हिस्ट्रीवाली चूक, जी मला सगळ्यात जास्त खटकते. टॅप म्हणजे फ्रेड अस्टेअर आणि हॉलिवूड असं धरून चालणं. टॅपचं मूळ अमेरिकेत गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या नाचात आहे, साउथ कॅरोलायनात १७३९ च्या बंडानंतर १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली, आणि ठेका हातापायांवर, अंगावर वाजत राहिला. त्यात आयर्लंडचा जिग नाच आणि इंग्लंडचा लाकडी तळव्यांच्या बुटांचा क्लॉग नाच मिसळला. १८४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत काळे आणि आयरिश शेजारी शेजारी राहायचे, त्या काळचा गाजलेला काळा नाचणारा मास्टर जुबा म्हणजे विल्यम हेन्री लेन तिथेच नाचायचा.

याचा तुमच्या प्रॅक्टिसशी संबंध काय? खूप आहे. जुन्या काळच्या नावाजलेल्या टॅप डान्सरपैकी बिल रॉबिन्सन चवड्यांवर, हलका, ताठ नाचायचा. जॉन बबल्सने टेम्पो खाली आणून टाचा वाजवायला घेतल्या आणि तिथून रिदम टॅप, म्हणजे आवाज आणि लयीवर भर देणारी शैली फुटली. ब्रॉडवे (न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांच्या) टॅपमध्ये हात, ओळी, हसरा चेहरा यांना भाव. तुमचे सर रिदम टॅप शिकवत असतील आणि तुम्ही यूट्यूबवर ब्रॉडवेचे हात बघून येत असाल तर क्लासमध्ये गोंधळ होणारच. आधी विचारा कुठली शैली आहे ते.

आणि जुन्या सिनेमांतल्या आवाजाशी तुलना करून रडू नका. तिथे नाच प्लेबॅकवर शूट व्हायचा आणि टॅपचे आवाज नंतर स्टुडिओत वेगळे रेकॉर्ड व्हायचे, अस्टेअरची जोडीदार जिंजर रॉजर्सचे तर नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅनने वाजवलेत.

शूजबद्दल थोडक्यात. स्क्रू ढिला असेल तर खुळखुळ येते आणि फ्लोअरवर ओरखडे पडतात, अतिच आवळला तर आवाज बसका. क्लासआधी स्क्रूड्रायव्हरने बघून घ्या. मोच्याकडून साध्या फॉर्मल शूजला पत्रा ठोकून घेणार असाल तर निदान सोल चामड्याचा असू दे, रबरात स्क्रू टिकत नाही. घरी फरशीवर प्रॅक्टिस मात्र नकोच, खाली काँक्रीट असतं, नडग्या दुखायला लागतात आणि घसरायलाही होतं. जाड प्लायचा तुकडा, त्याखाली योगा मॅट. खालच्या मजल्यावरच्या काकूंना तरीही ऐकू जाईल, तेव्हा दुपारी वामकुक्षीच्या वेळी नको.

सुरुवात शिम शॅम या ठरलेल्या टॅप नाचाने करा. लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी बसवलेला, ३२ बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट), आणि अजूनही टॅप जॅमच्या (सगळे जमून आयत्या वेळी नाचतात त्या मैफिलीच्या) शेवटी सगळे मिळून तोच करतात. यात टॅक अॅनी नावाची पाय मागे न्यायची स्टेप आली की लोक मागे तोल जाऊन अडखळतात, कारण पाय मागे ओढताना खाली बघतात आणि वजन टाचेवर येतं. नजर समोर, छाती किंचित पुढे, आणि पहिले काही दिवस खुर्चीची पाठ धरून करा.