हेवी गिटारचा 'धब्ब' आवाज आवरायचा कसा?

पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून काढलेला दबका आवाज) वाजवलं की स्पीकर 'धब्ब' करतो, आणि बेस गिटार आणि किक ड्रम दोन्ही त्याखाली दबतात. इक्यूने (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) खालच्या सुरांचा भाग कापला तर धब्ब जातो, पण मोकळे कॉर्ड पत्र्यासारखे वाजतात.

१. आधी ॲम्पच्या पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा. ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल भरपूर. ॲम्पच्या डिस्टॉर्शनमध्ये शिरण्याआधीच पेडलमध्ये बेस (खालचे सूर) छाटला गेला की निम्मं काम झालं. ॲम्पचा गेनही (डिस्टॉर्शनचं प्रमाण) थोडा उतरवा. एकट्या गिटारला कमी वाटेल, डबल ट्रॅक केल्यावर (तोच भाग दोनदा रेकॉर्ड केल्यावर) पुरतो.

२. माइक स्पीकरच्या जाळीला अगदी चिकटवला असेल तर तीन-चार बोटं मागे घ्या. डायनॅमिक माइक जितका जवळ, तितका बेस फुगतो.

३. मिक्समध्ये ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर कापणारा) लावा. ड्रॉप ट्यूनिंग (नेहमीपेक्षा खाली उतरवलेली तार) असेल तर कानाने ठरवा.

४. उरलेल्या धब्बसाठी मल्टिबँड कॉम्प्रेसरचा (आवाजाचा प्रत्येक पट्टा मोठा झाला की वेगळा दाबणारं साधन) एकच बँड चालू ठेवा, साधारण ८० ते २५० हर्ट्झ. पाम म्यूटचा तुकडा लूपवर टाका आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर दाबणं सुरू होतं ती) हळूहळू खाली आणा. म्यूटवर मीटर ३-४ डेसिबल दबायला हवा, मोकळ्या कॉर्डवर जेमतेम हलायला हवा. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) फार लांब ठेवला तर पुढचा कॉर्डही दबलेलाच येतो.

हे सगळं बेस गिटार आणि ड्रम चालू ठेवूनच करा. बाकी ट्रॅक बंद करून एकटी गिटार ऐकली की हात हमखास बेस वाढवायलाच जातो.