बाळासाठी दूध सोडताय? आधी तुपाचा डबा उचला

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसले, शेंबडासारखी चिकट शी होऊ लागली, गालांवर खाजरे चट्टे आले आणि डॉक्टर म्हणाले, "दुधाची अॅलर्जी असेल, आईचं दूधदुभतं बंद करून बघू," की घरातून पहिलं वाक्य येतं: "मग काय, चहा कोरा घे!" एवढ्याने भागत नाही. थोरलीच्या वेळी मी चहा, दही, ताक, पनीर सगळं सोडलं आणि रोज सकाळी निमूट डिंकाचा लाडू खात राहिले. डिंकाचा लाडू म्हणजे तूप, आणि तूप म्हणजे दूध. सगळी मेहनत पाण्यात. धाकट्याच्या वेळी यादी लिहून काढली, ती ही.

पहिलं काम डॉक्टरांकडचं. आपल्या मनाने सुरू करू नका. रडणाऱ्या प्रत्येक बाळाला दुधाची अॅलर्जी नसते, आणि शीमधलं रक्त जंतुसंसर्गाने किंवा शीच्या जागी चीर पडल्यानेही येतं. ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरला किंवा बाळ एकदम मलूल पडलं, तर ही यादी बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. बाकी उशिरा उमटणाऱ्या प्रकारात रक्ततपासणीत सहसा काही सापडत नाही. आईने दूध बंद करायचं, बाळ सुधारतं का बघायचं, परत सुरू करून त्रास उलटतो का बघायचं, हीच तपासणी. बंद ठेवण्याचा काळ साधारण २ ते ४ आठवडे. म्हणून अर्धवट बंद केलेलं दूध हे अजिबात बंद न करण्यापेक्षा वाईट: तुमचे हालही होतात आणि उत्तरही मिळत नाही. अंगावर पाजणं मात्र चालूच ठेवायचं. "तुझं दूधच बाधतंय" असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

बाधतं ते गाईच्या दुधातलं प्रथिन. केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ही त्यातली मुख्य नावं. यातलं दुसरं बाईच्या दुधात मुळातच नसतं. आपण खाल्लेल्या दुधातून अगदी सूक्ष्म प्रमाणात तिथे उतरतं. लॅक्टोज ही वेगळी गोष्ट, ती दुधातली साखर, आणि ती आपल्या दुधात भरपूर असतेच. तेव्हा लॅक्टोज-फ्री दुधाचा महागडा डबा आणून काही साधत नाही. "ए-टू" म्हणून विकलं जाणारं देशी गाईचं दूध नाही, म्हशीचं नाही, शेळीचंही नाही. कोणीतरी शेळीचं सुचवणारच. प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईचं बाधणाऱ्या बहुतेक बाळांना तेही बाधतं.

आता तूप. "तुपात काय असतं, नुसता स्निग्धांश," हे तुम्हाला चार जणी सांगतील आणि त्यातली एक तरी शिकलीसवरलेली असेल. लोणी कढवलेलं पातेलं आठवा. तळाला तपकिरी बेरी धरते, लहानपणी साखर घालून खाल्लेली. त्या बेरीत दुधातलं प्रथिनच असतं, करपत आलेलं. तूप गाळून घेतलं तरी बारीक कण गाळणीतून उतरतात; बरणी संपत आली की तळाशी गढूळ थर दिसतो, तो हाच. मोठेपणी एखाद्याला तेवढं चालूनही जाईल, पण ही परीक्षा आहे, आणि परीक्षेत तूप चालत नाही. साजूक नाही, गावचं नाही, गीर गाईचं तर नाहीच.

आणि बाळंतिणीच्या खाण्यात तूप नाही कुठे? डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाचे लाडू, सुंठवडा, शिरा. वरणभातावरची धार. पोळीला लावलेला हात. घावनाआधी तव्यावर फिरवलेला चमचा. तुम्ही "मला तूप नको" म्हणता आणि स्वयंपाक करणारीचा हात सवयीने डब्याकडे जातो, त्यात तिचा दोष नाही. म्हणून डबाच उचलायचा. ओट्यावरून काढून वरच्या फळीवर, पुढे दोन-तीन भांडी. आयुर्वेदाची औषधं चालू असतील तर नावात "घृत" आहे का बघा. घृत म्हणजे तूपच. शतावरी कल्प दुधाऐवजी पाण्यातून घेता येतो, पण डब्यावरचे घटक आधी वाचा.

लाडू सोडायचे नाहीत, नव्याने करून घ्यायचे. डिंक शेंगदाण्याच्या तेलात मस्त फुलतो. एकदम भसकन टाकू नका, थोडा थोडा टाका, नाहीतर मधे कच्चा राहून दाताला चिकटतो. खारीक, भरपूर भाजलेलं खोबरं, खसखस, गुळाचा पाक. खोबऱ्याला तेल सुटतं, त्यावर लाडू वळतो. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून ओल्या नारळात आणि गुळात शिजवा, तूप लागतच नाही. नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून वरून नारळाचं दूध. हे बाळंतपणाला जाण्याआधी माहेरी सांगून ठेवायचं असतं, कारण मोठा डबा भरून लाडू आले की आईला "हे मी खाणार नाही" म्हणायची हिंमत होत नाही आणि मग मनाची समजूत काढली जाते, एका लाडवात असं कितीसं तूप. बरंच असतं.

यादीत आपण फक्त आपल्या तोंडाचा विचार करतो, बाळाच्या अंगाचा नाही. मालिशवाल्या मावशी डाळीच्या पिठात साय कालवून बाळाचं अंग चोळतात. चट्टे उठलेल्या, सोललेल्या कातडीवर दुधाची साय! अशा त्वचेतूनही शरीर त्या प्रथिनाला वैरी मानायला शिकू शकतं. साय बंद, नुसतं तेल. मावशी नाराज होतील. गुटी उगाळायला वाटीत गाईचं दूध घेतात तेही बंद. खरं तर पहिले ६ महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचंच नसतं. पोटासाठी थेंब किंवा पुड्या दिल्या असतील तर त्यांचेही घटक वाचा.

दुकानातल्या मालाचं सोपं आहे, फक्त चष्मा न्या. आपल्याकडे २०२० च्या लेबल-नियमांनुसार दूध असेल तर पाकिटावर तसं वेगळं लिहावं लागतं, घटकांच्या खाली "कन्टेन्स" अशी ओळ असते. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, केसिनेट, दूध भुकटी, सगळं एकच. "नॉन-डेअरी" म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉफीच्या पावडरीतही केसिनेट सापडतं. चहाबरोबरच्या साध्या बिस्किटात दूध असतं. बाळंतिणींसाठीच्या पौष्टिक पावडरी बहुतेक दुधाच्याच. बेकरीची सुटी खारी, नानकटाई, मिठाई यांना लेबल नसतं, तेव्हा तिकडे जायचंच नाही. अंडं दुग्धजन्य नाही, खा.

कॅल्शियमकडे दुर्लक्ष नको. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, एक चमचाभर पॉलिश न केलेल्या तिळात १०० च्या आसपास. शेवग्याचा पाला, राजगिरा, मासे खात असाल तर काट्यासकट खायची छोटी मासळी. पण नुसत्या भाकरीवर हिशेब जमत नाही, गोळी लागतेच. सरकारी दवाखान्यातही बाळंतपणानंतर ६ महिने ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. लोहाच्या गोळीबरोबर ती घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. शाकाहारी असाल तर बी-१२ विचाराच, कारण आपल्याकडे ते मुख्यतः दुधातूनच येतं, आणि आईला कमी पडलं की बाळालाही कमी पडतं. हे डॉक्टर आपणहून काढतीलच असं नाही.

घरच्यांना एकदाच, सगळे जेवायला बसलेले असताना सांगा. "दूध बंद" म्हणू नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. "दूध, दही, ताक, लोणी, खवा, पनीर आणि तूप बंद" असं म्हणा, आणि तूप शेवटी जरा मोठ्याने. बारशाचा बेत आधी विचारा. तीर्थ-पंचामृत आलं तर कपाळाला लावून दुसऱ्याला द्या. देव समजून घेतो, सासूबाईंना वेळ लागतो. प्रसादाचा शिरा? तूप!

वही ठेवा: काय खाल्लं, शी कशी, चट्टे कसे. दोन शब्द पुरेत. फोटो काढा, डॉक्टरांना वर्णनापेक्षा बरे. चुकून काही खाल्लं गेलंच तर तारीख टाका आणि पुढे चला, पाजणं थांबवू नका.

मग परत सुरू करणं. फरक पडला म्हणून इथेच थांबू नका, फरक आपोआपही पडतो. ठरलेल्या दिवसापासून आठवडाभरात हळूहळू पूर्ववत खा. लसीचा आठवडा टाळा, नाहीतर ताप-चिडचिड कशाची ते कळणार नाही. त्रास उलटला नाही तर अॅलर्जी नाही, सुटलात. उलटला तर पुन्हा बंद, आणि पुढची परीक्षा साधारण ९ ते १२ महिन्यांच्या सुमारास, डॉक्टर सांगतील तेव्हा. बहुतेक मुलांचं हे वाढत्या वयात जातं. मधे वरचं अन्न सुरू होईल, तेव्हा पहिल्या मऊ भातावर तूप सोडायला कोणीतरी चमचा घेऊन उभं असणारच. चमचा काढून घ्या, तेल घाला.