मुलाला उलट्या-जुलाब लागल्यावर घरी घ्यायची काळजी

लहान मुलाला एकाएकी उलट्या सुरू होतात, काही तासांत पाण्यासारखे जुलाब लागतात, अंग थोडे तापते आणि हे थांबणार कधी, या एकाच प्रश्नाने घर अस्वस्थ होते. बहुतेक वेळा हा आजार रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरससारख्या विषाणूंमुळे होतो. उलट्या एक-दोन दिवसांत ओसरतात आणि जुलाबही साधारण आठवडाभरात आपोआप थांबतात. या काळात मुलाच्या जिवाला धोका असतो तो अंगातले पाणी आणि क्षार आटल्यामुळे. म्हणून जुलाब बंद करण्याच्या मागे लागण्यापेक्षा जितके बाहेर गेले तितके परत पोटात घालणे, हेच घरच्या शुश्रूषेचे मुख्य काम आहे, आणि ते चमचा-वाटी घेऊन बसणाऱ्या आईवडिलांना किंवा आजीला उत्तम जमू शकते.

त्यासाठीचे औषध म्हणजे ओआरएस, अर्थात जलसंजीवनी. जुलाब चालू असतानाही आतड्याची एक क्षमता सहसा शाबूत राहते: ग्लुकोज आणि सोडियम योग्य प्रमाणात एकत्र आले, की आतड्याच्या पेशी दोन्ही मिळून आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणीही शरीरात शोषले जाते. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजवून असंख्य जीव वाचवले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. छावणीतल्या त्या परिस्थितीत अप्रशिक्षित नातेवाइकांना जे जमले, ते आपल्याला स्वयंपाकघरात निश्चितच जमेल.

मात्र पाकीट योग्य हवे आणि पाण्याचे मापही योग्य हवे. दुकानात फळांच्या चवीची, खोक्यात भरलेली अनेक गोड पेये ओआरएसच्या शेजारी मांडलेली दिसतात. त्यांत साखर फार आणि क्षार कमी असतात, आणि जादा साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. तरीही औषधाच्या दुकानातून घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असलेलेच पाकीट मागावे. एक लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पाकिटावर जितके पाणी लिहिले असेल, तितक्या उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण पाकीट एकाच वेळी विरघळवावे. लिटरभर पाण्याची पूड पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण अतिखारट होऊन रक्तातले सोडियम घातक पातळीला जाऊ शकते, आणि थोडी पूड भरपूर पाण्यात टाकली तर उपयोगच होत नाही. चव सुधारण्यासाठी वरून साखर, दूध किंवा सरबत घालू नये, तयार द्रावण पुन्हा उकळू नये आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. रात्री-बेरात्री पाकीट मिळालेच नाही, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून तात्पुरते काम भागवता येते. ते अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून देऊन नव्याने करावे.

सर्वांत जास्त अडचण येते ती पाजण्याच्या वेळी. तहानलेले मूल पेला तोंडाला लावून घटाघटा पिते, लगेच सगळे उलटून टाकते, आणि मग ‘त्याच्या पोटात काहीच ठरत नाही’ असे म्हणून घरचे द्रावण देणेच बंद करतात. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबावे आणि नंतर दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, या संथ गतीने सुरू करावे. हे फार थोडे वाटते, पण मिनिटाला एक चमचा म्हणजे तासाला तीनशे मिलिलिटर होतात. पुन्हा उलटी झाली तरी आधी दिलेल्यातला बराच भाग शोषला गेलेला असतो, म्हणून नेट सोडू नये. पाणी आटल्याची लक्षणे नसतील तर प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. पाणी कमी झाल्याची लक्षणे दिसत असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार तासांत दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर दिले जाते. म्हणजे दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध क्षणभरही बंद करू नये, उलट अधिक वेळा पाजावे. वरच्या दुधात जास्तीचे पाणी घालून ते पातळ करू नये.

आपल्याकडे पोट बिघडले की लंघन करण्याची रीत आहे, पण लहान मुलाला उपाशी ठेवल्याने आतड्याची झीज भरून यायला उशीर होतो आणि आधीच घटलेले वजन आणखी घटते. उलट्या ओसरल्या की मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, ताजे दही, केळे, उकडलेला बटाटा असे नेहमीचेच अन्न थोडे थोडे, दर तीन-चार तासांनी द्यावे आणि त्यावर चमचाभर तूप घालायला हरकत नाही. भाताची पेज उत्तम, परंतु ती ओआरएसची जागा घेत नाही. चहा, शीतपेये आणि बाटलीबंद रस मात्र टाळावेत. बाळाला जायफळ उगाळून चाटवण्याची जुनी पद्धत काही घरांत अजून चालते. ती मी आग्रहाने बंद करायला सांगेन, कारण जायफळ जास्त गेले तर मूल गुंगते, आणि गुंगी हेच पाणी गंभीर प्रमाणात आटल्याचे लक्षण असल्याने खरा धोका ओळखताच येत नाही.

जुलाब थांबवण्याच्या मोठ्या माणसांच्या गोळ्या मुलांना कधीही देऊ नयेत. विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही, म्हणून मागच्या वेळची उरलेली बाटली काढून पाजणे निरर्थक आणि अपायकारकही आहे. तापासाठी वजनानुसार डॉक्टरांनी ठरवून दिलेले पॅरासिटामॉल पुरते. जे औषध खरोखर द्यायला हवे आणि नेमके विसरले जाते, ते म्हणजे झिंक: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, सलग चौदा दिवस, जुलाब मधेच थांबले तरीही. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. ओआरएसप्रमाणेच झिंकही प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशा सेविकेकडे विनामूल्य मिळते.

मुलाकडे लक्ष ठेवताना कागदावर जुलाब, उलटी आणि शू यांची वेळ लिहीत गेल्यास डॉक्टरांनाही मोठी मदत होते. डायपरमध्ये पातळ शी आणि शू यांतला फरक कळत नाही, म्हणून या दिवसांत सुती लंगोट बरा. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, तोंड कोरडे पडणे, बाळाची टाळू खोल जाणे, सहा-आठ तासांत शू न होणे आणि पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत होणे, ही पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत आणि ती दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूल मलूल होऊन उठवता येत नसेल, काही पिऊ शकत नसेल, प्रत्येक घोट उलटून पडत असेल, शीमध्ये रक्त किंवा उलटीत हिरवे पित्त असेल, पोट फुगून सतत दुखत असेल, झटका आला असेल, किंवा बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, तर घरी उपचार करत बसू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मूल पिऊ शकत असेल तर वाटेतही चमच्याने ओआरएस देत राहावे.

हा आजार घरभर पसरतो तो हातांवरून. शी धुतल्यावर, लंगोट बदलल्यावर आणि ओआरएस कालवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा परिणामकारक नसतो. मुलाचा टॉवेल आणि पेला वेगळा ठेवावा आणि शेवटच्या जुलाबानंतर किंवा उलटीनंतर दोन दिवस त्याला शाळेत किंवा पाळणाघरात पाठवू नये.

बरे वाटू लागल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्यावे, म्हणजे घटलेले वजन भरून येते. घरात आणखी एखादे तान्हे बाळ असेल तर त्याचे लसीकरणाचे कार्ड याच वेळी काढून पाहावे: सरकारी वेळापत्रकात रोटाव्हायरसच्या लसीचे थेंब सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला दिले जातात.