कॅल्शियम आणि युरिक ॲसिड दोन्ही वाढले असतील, तर कारण कसे शोधावे

रिपोर्टमध्ये हे दोन आकडे वाढलेले दिसले की पुष्कळ जण आधी दूध बंद करतात. तसे करू नका. रोजच्या जेवणातून रक्तातले कॅल्शियम सहसा वाढत नाही. त्याची पातळी गळ्यातल्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडे सांभाळतात. युरिक ॲसिडचाही सुमारे दोन-तृतीयांश भाग मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतो. त्यामुळे एकाने दुसरे वाढवले असे लगेच ठरवू नका. दोन्ही वाढवणारे एखादे तिसरे कारण आहे का, ते पाहा.

१. आकडा खरा आहे का?

रक्तातल्या कॅल्शियमचा सुमारे ४० टक्के भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. अल्ब्युमिन वाढले की कॅल्शियम वाढल्याचा भास होतो. म्हणून ४ मधून अल्ब्युमिनचा आकडा (ग्रॅम प्रति डेसिलिटर) वजा करा, उत्तराला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. समजा कॅल्शियम १०.८ आणि अल्ब्युमिन ५ आहे. गुणाकार उणे ०.८ येतो, म्हणजे दुरुस्त आकडा १०. साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरली, तर इथे कॅल्शियम वाढलेलेच नाही. अंगातले पाणी कमी झाल्यावर हे हमखास घडते, आणि त्याच वेळी युरिक ॲसिडही चढते. अशा वेळी भरपूर पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्या. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, त्यानेही कॅल्शियम जास्त दिसते.

युरिक ॲसिड सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की त्याचे स्फटिक बनू शकतात. मात्र गाऊटचा, म्हणजे या स्फटिकांमुळे सांधा सुजण्याचा, झटका चालू असताना हा आकडा चक्क नॉर्मल येऊ शकतो. झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

२. औषधांची यादी काढा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या गोळ्यांमुळे लघवीतून कॅल्शियम कमी जाते आणि युरिक ॲसिडही अडून राहते. कित्येकदा हे औषध दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे वेष्टनावरची बारीक अक्षरेही वाचा. लिथियम, ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस आणि कॅल्शियम असलेली आम्लपित्ताची औषधेही यादीत लिहा. गोळी मनाने बंद करू नका. रक्तदाबासाठी लोसार्टन चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण ते युरिक ॲसिड थोडे कमी करते.

३. पॅराथायरॉइड हार्मोन तपासा

कॅल्शियम खरोखरच वाढलेले असेल, तर पॅराथायरॉइड हार्मोन (पीटीएच) आणि कॅल्शियम एकाच वेळच्या रक्तातून तपासून घ्या. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा), फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्वही पाहा. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, काही पद्धतींत त्यांच्यामुळे पीटीएच खोटे कमी दिसते.

निष्कर्ष काढताना चूक होते ती इथे. कॅल्शियम जास्त असताना निरोगी ग्रंथी पीटीएच जवळजवळ थांबवतात. म्हणून कॅल्शियम ११ आणि पीटीएच ‘नॉर्मल’ असेल, तर ते निश्चिंत होण्यासारखे नाही. ग्रंथी जास्त काम करत असण्याची दाट शक्यता असते. या आजारात युरिक ॲसिडही अनेकदा वाढलेले आढळते. वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही, लघवी वाढते, शरीर कोरडे पडते आणि मग मूत्रपिंडे युरिक ॲसिड परत शोषून घेतात.

पुढची तपासणी २४ तासांच्या लघवीतल्या कॅल्शियमची. सकाळची पहिली लघवी टाकून द्या, त्यानंतरची प्रत्येक वेळची साठवा आणि दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी घेऊन थांबा. एक वेळ जरी चुकली तरी आकडा फसवतो. कॅल्शियम फारच कमी निघाले, तर तो एक आनुवंशिक आणि बहुधा निरुपद्रवी प्रकार असू शकतो. त्यात पॅराथायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो, म्हणून ही तपासणी टाळू नये.

पीटीएच दबलेले असेल, तर ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) किंवा अन्य कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो. तो लांबवू नका.

४. सांधा सुजला असेल तर

युरिक ॲसिड जास्त आहे म्हणून प्रत्येक सूज गाऊटची नसते. पॅराथायरॉइडच्या आजारात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिकही सांध्यात, विशेषतः गुडघ्यात आणि मनगटात, साचतात. दोन्ही दुखणी हुबेहूब सारखी दिसतात. सांध्यातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच खात्रीने सांगता येते. ताप असेल तर जंतुसंसर्ग नाही ना, हेही त्याच पाण्यातून कळते.

५. मूतखडे टाळण्यासाठी

दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवणातले कॅल्शियम तोडले की आतड्यात ऑक्झलेटला (खडे बनवणाऱ्या, अन्नातल्या एका घटकाला) बांधायला काही उरत नाही आणि खड्यांचा धोका उलट वाढतो. दूध-दह्याने तर युरिक ॲसिड किंचित उतरते.

थांबू नये अशी वेळ

कॅल्शियम १२ च्या वर असेल, किंवा उलट्या, सतत तहान, गोंधळल्यासारखे होणे, खूप अशक्तपणा जाणवत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १४ च्या वर गेले असेल, तर त्रास जाणवत नसला तरी थेट रुग्णालयात जा. तिथे शिरेतून सलाइन देऊन उपचार सुरू होतात.